माझ्या मापाचे बूट

मला बूट विकत घेण्यापुरती स्पॅनिश येते. त्यापलीकडे काही नाही. त्या भाषेत मला पाणी मागता येणार नाही, रस्ता विचारता येणार नाही. पण बुटांच्या दुकानात उभं करा, नंबर सांगीन, चावतो म्हणीन, सैल होतो म्हणीन, दुसरा दाखवा म्हणीन, आणि एकदाही अडखळणार नाही. लोक हसतात. हसू देत. एक्कावन्नाव्या वर्षी मी ही एवढीशी भाषा शिकले ती निव्वळ हट्टापायी, आणि त्या हट्टाची मला आजही लाज वाटत नाही.

आमची शेती मखमलाबादच्या पुढे. थोडा भाजीपाला, थोडा झेंडू, आणि गुलाबाचं एक पॉलिहाऊस. घरात त्याला सगळे शेड म्हणतात. शेडचा एक नियम होता. बाईमाणसानं आत जायचं तर चप्पल दाराबाहेर काढायची. नियम सासूबाईंचा. फुलं देवाला जातात, फुलांत पायताण घालून शिरायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा शेड नव्हतं, उघड्यावर गावठी गुलाब होता, आणि तो खरोखर देवाला जायचा. त्र्यंबकला जायचा, पंचवटीत जायचा. तेव्हा मीही काही म्हटलं नाही. पण शेडमधला गुलाब डच. तो कुठल्या देवाला जातो? तो नवरदेवाच्या गाडीवर चिकटतो, वाढदिवसाच्या गुच्छात बसतो, आणि फेब्रुवारीत तर कॉलेजच्या पोरापोरींच्या हातात जातो. हे मी एकदा सासूबाईंना बोलून दाखवलं.

"गुलाब तो गुलाब," त्या म्हणाल्या. "तो कुठं जातो ते तुला काय करायचंय?"

बरं, नियम सगळ्यांना सारखा असता तर मी तोंडही उघडलं नसतं. पण फवारणीला येणारा माणूस गुडघ्याएवढे गमबूट घालून आत फिरायचा. आमचे हे ठिबकच्या नळ्या बघायला जायचे, तेही गमबूट घालून. त्यांना कुणी अडवत नव्हतं. पुरुषांच्या बुटाखाली देव दबत नाही वाटतं, आमच्याच टाचेखाली गुदमरतो! असं मी म्हणायचे. मनातल्या मनात. पंचवीस वर्षं मनातल्या मनात.

आणि आत दिवसभर राबायचं कुणी? बायांनी. मी आणि कामाच्या चौघी. पहाटेपासून फुलं तोडायची, पानं सोलायची, फांद्या छाटायच्या. छाटलेलं सगळं पडतं कुठं? पायाशी. डच गुलाबाचा काटा चांगला जाडजूड असतो, आणि वाळला की आणखी कडक होतो. रोज कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा जायचा. बाया खाली बसून सेफ्टी पिननं काटा काढायच्या, थोडं हसायच्या, पुन्हा कामाला लागायच्या. मीही तेच करायचे.

मग मला शुगर निघाली. शुगरवाल्या माणसाच्या तळव्याला हळूहळू कळेनासं होतं म्हणे. म्हणे कशाला, माझ्याच बाबतीत झालं. एक काटा टाचेत शिरला आणि मला पत्ताच नाही. आठ दिवसांनी पाय सुजला, पू झाला. डॉक्टरनी कापलं, साफ केलं, महिनाभर ड्रेसिंग चाललं. शेवटच्या दिवशी डॉक्टरीण बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मावशी, पाय हवाय ना? मग आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. चप्पलही नको, बोटं उघडी राहतात. बंद बूट घाला."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमचं आयुष्य गेलं अनवाणी. आमचे गळाले का पाय?" यांनी मला बाजूला घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, आईचं किती राहिलंय आता? तिचं मन कशाला मोडायचं? ती घरात असली की घालत जा, आली की काढत जा."

मला असा संताप आला! "चोरून घालू?" मी म्हटलं. "मी काय फुलं चोरायला जाते का आत?"

हे उठून बाहेर गेले. त्यांचं हे नेहमीचं. भांडण आलं की ते ठिबक बघायला जातात.

घालायचं तर ठरवलं, पण घालू काय? शहरात मेनरोडवर चार दुकानं फिरले. गमबूट म्हटलं की दुकानदार विचारायचा, "मिस्टरांचा नंबर काय?" माझ्यासाठी हवेत म्हटलं की हसायचा. "लेडीजमध्ये येत नाही, ताई." जेन्ट्समधला सगळ्यात लहान आणायचा, त्यात माझे दोन पाय एकदम मावले असते. शेवटी एकानं शाळेतल्या पोरांचे पावसाळी बूट काढले. पिवळे, वर बदकं. लांबीला बरोबर बसले, पण पंजात असे आवळले की पायरी उतरवेना. माझा पाय आखूड आणि रुंद. चिखलात वाढलेला पाय तसाच असतो. मग यांचे जुने गमबूट घेतले आणि पुढे फडकी कोंबली. दुसऱ्याच दिवशी दोन वाफ्यांच्या मध्ये तोंडावर आपटले. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "बघ, देवानंच दाखवलं." मी उठून बसले आणि ठरवलं, घालीन तर माझ्या मापाचे बूट घालीन, आणि सगळ्यांच्या देखत घालीन.

त्याच सुमारास एक पत्र आलं. आमचं शेड कागदोपत्री माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर केलं की सरकारी योजनेत लवकर बसतं, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून केलेलं. सही माझी, बैठकीला जाणार हे. पण फूल उत्पादकांचा गट स्पेनला अभ्यास दौऱ्यावर निघाला, तेव्हा पत्रातल्या यादीत नाव आलं ते माझं, आणि बदली माणूस चालत नव्हता. घरात दोन दिवस धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी मी पासपोर्टसाठी फोटो काढून आले.

दौऱ्याच्या बैठकीत सतरा पुरुष आणि मी. गटाचे अध्यक्ष तसे भले गृहस्थ, पण बाईमाणूस दिसलं की त्यांच्या आवाजात साखर पडते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. शेडबिड आम्ही बघतो, तुम्ही शॉपिंग करा." सगळे खो खो हसले.

"करणारच आहे," मी म्हटलं. "बूट घेणार आहे. शेडमध्ये घालायला."

"बूट? घ्या की! मला सांगा, मी विचारीन दुकानदाराला. माझ्या मोबाईलमध्ये सगळ्या भाषा आहेत. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं."

झालं. तिथंच माझं डोकं फिरलं. बोट दाखवायचं! शेड माझं, पाय माझा, काटा माझ्या टाचेत, आणि दुकानात बोलणार अध्यक्ष? मेनरोडला मराठीत मागून मला बूट मिळाले नव्हते, कारण तिथे माझं कुणी ऐकलंच नव्हतं. आता परक्या मुलखातही माझ्या पायाबद्दल दुसऱ्यानंच बोलायचं? नाही म्हणजे नाही. घरी येऊन मी लेकीला फोन लावला. ती पुण्याला नोकरी करते. म्हटलं, मला स्पॅनिश शिकायचीय. ती म्हणाली, "आई, दोन महिन्यांत भाषा येत नाही गं." मी म्हटलं, "मला भाषा नकोय. मला बूट हवेत. बुटाएवढं शिकव."

तिनं मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं आणि बुटांच्या दुकानातलं तेवढं वेगळं काढून पाठवलं. पहाटे शेडमध्ये एका कानात इअरफोन घालून मी फुलं तोडायचे आणि मोबाईलमधल्या बाईमागून म्हणायचे. थापातो म्हणजे बूट, आणि लांब नळीचा असला की बोता. सुएला म्हणजे तळवा. नूमेरो म्हणजे नंबर. आंचो म्हणजे रुंद. हा शब्द मी लाल पेनानं लिहिला, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. फुलं भरायच्या खोक्यांची झाकणं रिकामी असायची, त्यांच्यावर देवनागरीत लिहून काढायचे. एकदा एक झाकण चुकून खोक्यावर बसून बाजारात गेलं. व्यापाऱ्याचा फोन आला, "वहिनी, खोक्यावर काल्थेतीनेस लिहिलंय. ही नवी व्हरायटी का?" म्हटलं, नाही हो, पायमोजे आहेत.

सगळ्यात जास्त वेळ माझा एका वाक्यानं घेतला. मे आप्रिएतान. म्हणजे, हे मला चावतात, आवळतात. वाक्य अवघड नव्हतं. पण म्हणताना माझा आवाज आपोआप खाली जायचा. लेक फोनवर ओरडायची, "आई, मोठ्यानं म्हण! तू तक्रार करतेयस, माफी नाही मागत." तेव्हा माझ्या लक्षात आलं, अमुक गोष्ट मला टोचते, हे मी आजवर घरात कधी मोठ्यानं म्हटलेलंच नव्हतं. लग्नातली चप्पल चावली, म्हटलं नाही. फोड फुटला, तशीच सप्तशृंगीच्या पायऱ्या चढले. मग मी शेडच्या पार टोकाला जाऊन ओरडून म्हणायला लागले. मे आप्रिएतान! कामाच्या बाया हसून हसून बेजार. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, साठीच्या पुढची, तिनं विचारलं, "वहिनी, हे काय वरडता?" मी अर्थ सांगितला. ती हातातलं फूल खाली ठेवून म्हणाली, "असं म्हटलं की बदलून देत्यात व्हय तिकडं?"

"देतात," मी म्हटलं. मला काय माहीत होतं! पण ठोकून दिलं.

स्पेनच्या दक्षिणेला शेडच शेड आहेत, डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पांढरं प्लास्टिक. तिथं मी सगळ्यांच्या पायांकडे बघत होते. बाया होत्या कामाला, पुष्कळ होत्या, आणि एकही अनवाणी नव्हती. अध्यक्ष टोमॅटोचे फोटो काढत होते. मी बुटांचे काढले.

पाचव्या दिवशी दुपार मोकळी होती. गावात शेतीच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं, काचेतून गमबूट मांडलेले दिसत होते. अध्यक्ष आणि आणखी दोघं माझ्याबरोबर आले, गंमत बघायला. मी त्यांना दाराशी थांबवलं. म्हटलं, "आत यायचं नाही. काचेतून बघा." दार ढकललं, आत चकचकीत फरशी, आणि मी आत गेले.

मागून हसण्याचा आवाज आला. वळून बघते तर अध्यक्ष दार अर्धवट उघडून उभे. "वहिनी, हे देऊळ नाही हो! दुकान आहे, तेही बुटांचं!"

मी खाली पाहिलं. मी अनवाणी होते. माझे सँडल दाराबाहेर, पायरीच्या कडेला, जोडीनं नीट लावून ठेवलेले. काढले कधी, मला आठवेना. दुकानातला म्हातारा माझ्या पायांकडे बघत होता, आणि माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अध्यक्षांचा राग नाही आला. माझाच आला. मी सगळा दोष सासूबाईंना देत होते, आणि सासूबाई तर सातासमुद्रापलीकडे बसलेल्या. इथं मला कुणी काढ म्हटलं होतं? नियम आता त्यांच्या तोंडात नव्हताच, तो माझ्या पायात मुरला होता. नवी, स्वच्छ जागा दिसली की माझे पाय आपणहून उघडे होत होते, डॉक्टरीण बाई काहीही सांगोत.

मी बाहेर गेले. अध्यक्षांच्या समोर दोन्ही सँडल घातले, पट्टे घट्ट आवळले, आणि पुन्हा आत आले. या वेळी टाच मुद्दाम वाजवली.

म्हाताऱ्यानं काय हवंय असं विचारलं असावं. मी म्हटलं, "बोतास दे त्राबाखो." कामाचे बूट. त्याला कळलं! तो हसला, मान डोलावली, आणि पुरुषांच्या कप्प्याकडे वळून मला विचारलं, "पारा सु मारीदो?" तुमच्या नवऱ्यासाठी का?

मेनरोड काय आणि स्पेन काय! दुनियेत कुठंही जा, बाईनं बूट मागितला की नवऱ्याचा नंबर विचारतात. पण आता माझ्याकडे उत्तर होतं.

"नो," मी म्हटलं. "पारा मी." माझ्यासाठी.

तो थांबला, वळला, आणि सरळ माझ्या पायांकडे बघितलं. मग नंबर विचारला. मी छत्तीस सांगितला, तोच पाठ केला होता. त्यानं हिरवे बूट आणले, पायमोजे दिले, मी घातले. लांबीला बरोबर. पंजात मात्र तीच गत, दोन्ही बाजूंनी आवळत होते. आणि काय सांगू, माझ्या ओठांवर आलं होतं, चालतील, राहू दे, एवढ्या लांब आलेय, म्हातारा बिचारा वाकून घालतोय, कशाला त्रास द्या. काचेबाहेर अध्यक्ष मोबाईल वर करून उभे होते, बोलू का, अशा खुणा करत.

"मे आप्रिएतान," मी म्हटलं. मोठ्यानं. मग पंजावर हात ठेवून, "आंचो. मास आंचो." आणखी रुंद.

त्याला ना राग आला, ना तो हसला. "आ," एवढंच म्हणाला आणि आत गेला. दुसरा जोड आणला. तो टाचेत सैल. मी तेही सांगितलं. तिसरा आणला. चौथा आणला. मी एकेकाला नाही म्हणत गेले आणि मला काय मजा वाटायला लागली म्हणून सांगू! पाचवा जोड पायात गेला आणि मला काहीच जाणवलं नाही. कुठंच टोचलं नाही, कुठंच निसटलं नाही. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चार वेळा चालले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. म्हाताऱ्यानं दुसरीकडे बघितलं, एवढा तो शहाणा होता.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालून शेडकडे निघाले. घरातूनच घातले. चौघी बाया दाराशी पोहोचल्या होत्या, चपला काढत होत्या. सासूबाई दाराजवळ खोक्यावर बसलेल्या. त्यांना कुणीतरी आधीच बातमी दिली असणार, कारण एरवी एवढ्या पहाटे त्या शेडवर येत नाहीत.

"काढ ते," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार, आई."

"फुलांत जायचंय."

"माहितेय. फुलांतच चाललेय."

त्यांना माझं उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांचा आवाज चढला. "अरे, इकडं ये! बघ तुझी बायको काय करती!" हे आतून आले. ठिबक बघत होते, दुसरं काय. मी, बूट, सासूबाई, चौघी बाया, असं सगळ्यांकडे बघून घेतलं आणि माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, "अगं, आजच्या दिवस काढ ना. काय बिघडतंय?"

"काढते," मी म्हटलं. "आधी तुम्ही काढा. आपण दोघंही अनवाणी जाऊ आत. काय बिघडतंय?"

यांनी आपल्या गमबुटांकडे पाहिलं. आणि माझा सरळ नवरा, ज्याला खोटं बोलणं कधी जमलं नाही, विचार न करता बोलून गेला, "वेडी का काय! आत केवढे काटे आहेत!"

त्यांच्या तोंडून काय निघालं ते त्यांना उशिरा कळलं, आणि ते लालबुंद झाले. सासूबाई लेकाकडे बघत राहिल्या. चौघींतल्या म्हाताऱ्या बाईनं एक चप्पल काढून हातात धरली होती, दुसरी अजून पायात होती. तिनं हातातली खाली टाकली, तिच्यात परत पाय सरकवला, आणि चपलांसकट माझ्याआधी आत गेली.